मिलिंदाचा रथ आणि संगणकातील विश्व



गुलमंडीत आज घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, पोरे खेळात गुंग असतात. आम्हीही त्यांना रागावतो. पण संगणकावरचा एक खेळ असा आहे की त्यावर या सभेत बोलावे असे आम्हाला वाटले. त्याचे नाव 'नो मॅन्स स्काय'. इंग्लंडातील गिल्डफर्ड येथील हॅलो गेम्स या लहानशा कंपनीने तो ऑगस्ट २०१६ मध्ये काढला.

खेळणारा एकटा प्रवासी असतो. मोडके यान दुरुस्त करायचे आणि एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचे. ग्रह किती? दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे अठरावर अठरा शून्ये! एवढे ग्रह साठवायचे कुठे? ते साठवलेलेच नाहीत. आत आहे ते गणिताचे सूत्र. प्रवासी जवळ गेला की त्यातून डोंगर, पाणी, प्राणी उभे राहतात. तो दूर गेला की विरून जातात. परत आला तर सूत्र तेच, म्हणून डोंगरही तेच. प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगताना आम्हाला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही. (खेळ निघाला तेव्हा दोघे खेळाडू ठरवून एकाच जागी पोहोचले, पण एकमेकांना दिसेनात. त्यावरून बरीच ओरड झाली.) २०१७ साली कथेत भर पडली. हे सारे विश्व 'अ‍ॅटलास' नावाच्या यंत्रात चाललेला देखावा आहे, आणि आपणही त्यातलेच, असे प्रवाशाला कळते.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि परिसर नागसेनवन. राजा मिलिंद रथातून आला होता. भदंत नागसेनांनी विचारले, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. सारे भाग जुळले की त्याला रथ म्हणायचे, एवढेच. माणसाचेही तसेच.

पण नागसेनांनी रथ खोटा ठरवला नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. त्यात बसूनच राजा आला होता. जग भास आहे, असे सांगणारे तत्त्वज्ञान या देशात जुने आहे. पाणवठ्यावर मात्र विटाळ खरा मानला गेला. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर आपली माणसे गेली, ती भासातले पाणी प्यायला नव्हे. त्यानंतर त्यांच्यावर पडलेल्या काठ्याही भास नव्हत्या.

जग शाश्वत की अशाश्वत, असे मालुंक्यपुत्राने विचारले, तेव्हा तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कोणी मारला, कोणत्या धनुष्यातून, हे कळेपर्यंत तो काढू देणार नाही म्हणणारा मरून जाईल. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही बाबासाहेबांनी माणसाचे दुःख आणि माणसाशी माणसाचे वागणे हाच धम्माचा विषय मानला आहे. प्रवाशाला अ‍ॅटलासचे रहस्य कळते, पण कोणाचा बाण निघतो? खेळ त्यावर फारसे बोलत नाही. आमच्या मते तिथे तो उणा पडतो.

पुढच्या रविवारी मिलिंदप्रश्नातील रथाचा भाग वाचू. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांनी आपापल्या ग्रहांची हकीकत घेऊन यावे.