फोटोच्या आधीची तयारी

(दहावीच्या १९९५-९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगताचे शब्दांकन)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर लगेच ग्रुप फोटो आहे. त्यामुळे मी लांबवलं तर तुमचे मेकअप उतरतील, याची मला कल्पना आहे. गेले पंधरा दिवस आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नाही. मुलींनी कोणत्या रंगाच्या साड्या नेसायच्या, मुलांनी फेटे बांधायचे की नाही, केस रंगवून यायचं की आहे तसं. एका मित्राने विचारलं, "पोट आत घ्यायला फोटोग्राफर किती वेळ देणार?" त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

हे सगळं वाचताना मला आपला पहिला ग्रुप फोटो आठवला. फेब्रुवारी १९९६. निरोप समारंभाच्या चार दिवस आधीचा. आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे, कारण त्या फोटोबाबत मला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

तयारी काय होती आठवतं? आदल्या दिवशी गणवेश धुवायचा, भाताच्या पेजेची खळ करायची आणि रात्री लाईट गेली तर तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची. माझ्या ओढणीवर तांब्याच्या बुडाचा गोल डाग पडला होता. तो फोटोत दिसू नये म्हणून मी ओढणीला जास्तीची घडी घातली होती. मुलांनी कॅनव्हासच्या बुटांना पांढरा खडू घासला होता, त्यामुळे वर्गातले खडू संपले आणि गणिताच्या सरांना शेजारच्या वर्गातून मागवावे लागले. घोटण, अमरापूर, बोधेगावकडून एसटीने येणाऱ्यांनी डोक्यावर रुमाल बांधून प्रवास केला, केसांत धूळ जाऊ नये म्हणून. आणि पावडर! घरून लावून आलो ती वेगळी, शाळेत एका डब्यातून वीसजणींनी लावली ती वेगळी. बाई आमच्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "अगं, फोटो काढायचाय, पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या काय दिसताय?"

फोटोग्राफर काकांची तयारी मात्र खरी तयारी होती. ते आदल्या दिवशी सायकलवर येऊन मैदान बघून गेले होते. लिंबाखाली नको म्हणाले, पानांतून ऊन गळतं आणि तोंडावर ठिपके पडतात. उन्हात समोर तोंड करून नको, सगळे डोळे बारीक करतात. म्हणून त्यांनी इमारतीची सावली पडते ती जागा निवडली आणि सकाळी साडेनऊची वेळ दिली. त्यांच्याकडे दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून बघायचा कॅमेरा होता. वरच्या काचेवर चित्र उजव्याचं डावं दिसतं, म्हणून ते मध्येच हाताने डावीकडे सरका म्हणायचे आणि लगेच "नाही, नाही, उजवीकडे" म्हणायचे. एका रोलवर बारा फोटो, दहावीच्या चार तुकड्या, म्हणजे प्रत्येक तुकडीला तीन. तीनमध्ये एकदा तरी सगळ्यांचे डोळे उघडे असले पाहिजेत. रोल धुवायला नगरला जाणार. बघू कसा आला, नाही आवडला तर परत काढू, असलं काही नव्हतं.

एका प्रतीचे वीस रुपये होते. पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी वर्गप्रतिनिधी होते. चाळीस पानी वहीत मी समास आखून यादी केली होती. पटावर आपण चोपन्नजण. पैसे भरले त्रेचाळीसजणांनी. सरांनी मला एवढंच सांगितलं होतं, "पैसे कुणी दिले ते नीट लिही, किती प्रती काढायच्या ते कळलं पाहिजे."

फोटोच्या वेळी बाकं लावून झाली, खुर्च्या आल्या, चित्रकलेच्या सरांनी पाटीवर सुंदर अक्षरात "इयत्ता दहावी अ" लिहून आणलं. आणि मी माझी वही उघडून उंचीप्रमाणे नावं पुकारायला लागले. त्या यादीतून. ज्यांनी पैसे भरलेत, त्यांनीच फोटोत उभं राहायचं, असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. तो नियम माझा. यादी प्रतींची होती, मी ती माणसांची केली.

राहिलेल्या अकराजणांतले सहाजण त्या दिवशी शेवगावातच नव्हते. दसरा-दिवाळी झाली की आपल्या पूर्वेकडच्या गावांतून आणि पाथर्डीच्या डोंगराकडून बैलगाड्या, ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. शाळेच्या फोटोचा महिना हा कारखान्याच्या ऐन हंगामाचा महिना. पोरगं शिकतंय म्हणून त्याला आजीकडे ठेवणारे काही होते, पण आजी नसली, किंवा पाठीवर लहान भावंडं असली, की दहावीतल्या मुलीलाही कोपीवर जावं लागायचं. परीक्षेपुरतं परत यायचं म्हणून गेलेल्या त्या सहांपैकी किती परत आले, ते तुम्हाला आठवतं का? मला फक्त दोघं आठवतात.

उरलेले पाचजण तिथे हजर होते. गणवेश घालून, खडू घासलेल्या बुटांनिशी. नाव आलं नाही तसे ते हळूहळू बाजूला झाले. त्यांतली एक माझ्या बाकावर बसायची. मी तिचं नाव घेत नाही. त्या दिवशी सकाळी लवकर येऊन तिने आम्हा चौघींच्या वेण्या घातल्या होत्या. वेण्या घालाव्यात तर तिनेच. दोन्ही बाजूंना सारखा पेड आणि रिबिनीची फुलं एका ओळीत. माझं झाल्यावर तिने आरसा धरला आणि म्हणाली, "आता मान हलवू नको फोटो होईपर्यंत."

मग आमच्या चपला, दप्तरं आणि तो आरसा घेऊन ती नळाजवळ उभी राहिली.

फोटोग्राफर काकांनी कॅमेऱ्यातून मान वर काढली आणि म्हणाले, "त्या कडेच्या पोरांनाही घ्या की. जागा आहे."

मी मान न हलवता म्हणाले, "काका, त्यांनी पैसे नाही भरले."

एवढंच. सर आणि बाई पुढच्या रांगेत खुर्च्यांच्या गडबडीत होते, त्यांच्या कानावर ते गेलंच नाही. काकांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि परत कॅमेऱ्यात डोकं घातलं. तीन फोटो झाले. माझ्या मैत्रिणीने माझ्या चपला माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "बरं झालं, मी आज तेलपण लावलं नव्हतं." मी ते खरं मानलं. मला वाटलं, हिला हौसच नाही. तिच्या आईला खुरपणीची दिवसाची मजुरी जवळपास तेवढीच मिळायची जेवढी त्या प्रतीची किंमत होती, हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला!

नंतर मी इंजिनीअर झाले, पुण्यात नोकरीला लागले. वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. आमच्या कामात एक अगदी साधी चूक असते. समजा दोन याद्या आहेत, एक माणसांची आणि एक पैसे भरल्याची. संगणकाला सांगितलं की दोन्ही याद्या जोड आणि दोन्हीकडे असतील ती नावं दाखव, तर ज्याने पैसे भरले नाहीत तो माणूस पुढच्या यादीतून नाहीसा होतो. संगणक कुरकुर करत नाही, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. अहवाल अगदी नीटनेटका निघतो. चूक सापडते ती कुणीतरी मूळ यादी काढून माणसं मोजली तरच.

काही वर्षांपूर्वी एका नव्या मुलाच्या कामात मी ही चूक पकडली आणि त्याला जरा मोठ्याने झापलं. "माणसं कुठे गेली ते तुला दिसलं नाही?" तो म्हणाला, "मॅडम, कुठे रिकामी जागाच दिसत नव्हती." त्या रात्री घरी जाऊन मी आपला फोटो काढून बघितला. खरंच, त्यात कुठेही रिकामी जागा नाही. माणसं सरकून उभी राहतात. आपण त्रेचाळीसजण इतके व्यवस्थित दिसतो की आपण त्रेचाळीसच होतो असं कुणालाही वाटेल.

या मेळाव्यासाठी नंबर गोळा करताना मी तिला शोधलं. फोनवर आधी खूप गप्पा झाल्या, मुलं, गुडघे, पाऊस. मग मी चाचरत फोटोचा विषय काढला, झालं ते सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, किती वर्षं झाली! पण पाठव बरं तो फोटो. मी कधी बघितलाच नाही." निकालाच्या दिवशी प्रती वाटल्या तेव्हा ती तिथेच होती, आम्ही सगळ्या फोटोवर वाकून हसत होतो, आणि तिच्या हातात तो कुणी दिला नव्हता.

मी पाठवला. तासाभराने तिचा आवाजी निरोप आला. तिने एकेका चेहऱ्याचं नाव घेतलं होतं, मला न आठवलेली पाच नावंही. आणि शेवटी म्हणाली, "वेण्या चांगल्या आल्यात."

ती आज आली आहे. कुठे बसली आहे ते मी सांगणार नाही, कारण तशी तिने मला ताकीद दिली आहे.

आता माझ्या तीन विनंत्या.

पहिली आयोजकांना. स्मरणिकेत आपल्या तुकडीची यादी त्या जुन्या फोटोवरून करू नका. शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर आहे, त्यावरून करा. चोपन्न नावं छापा. जे वारले त्यांची, जे सापडले नाहीत त्यांची, मध्येच शाळा सुटली त्यांचीही.

दुसरी आपल्या सगळ्यांना. ऊसतोडीला गेलेल्या सहांपैकी तिघे सापडले आहेत. उरलेल्या तिघांची गावं मी मागच्या फळ्यावर लिहून ठेवली आहेत. जेवणाच्या सुट्टीत वाचा, कुणाला पाव्हण्यारावळ्यांतून काही ठाऊक असेल तर सांगा. आणि या गावांतली मुलं आजही हंगामात जातात. २०२१ मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आणली, आपल्या शेजारचं पाथर्डी पहिल्या टप्प्यात घेतलं. तशी सोय कुणाला हवी असेल तर ती मिळवून द्यायला लागणारे कागद, फॉर्म, खेपा एवढं तरी आपण करू शकतो. आपल्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, तहसीलच्या पायऱ्या झिजवलेले पुढारीही आहेत.

तिसरी विनंती आजच्या फोटोबद्दल. उंच माणसं मागे, गुरुजन खुर्च्यांवर, चष्मेवाल्यांनी मान किंचित खाली, म्हणजे काच चमकणार नाही. पोट आत घेणाऱ्यांनी तीन मोजेपर्यंतच घ्या, फार वेळ जमणार नाही. वही कुणी आणायची नाही, नावं कुणी पुकारायची नाहीत. स्वयंपाकाच्या मावशी, मंडपवाले, आपल्याला घेऊन आलेले ड्रायव्हर, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. आणि फोटोग्राफरने बटण दाबायच्या आधी प्रत्येकाने एकदा नळाकडे बघा. तिथे कुणी आपल्या चपला धरून उभं असेल, तर त्यांना बोलवा.

चला, सावली सरकायच्या आत उभे राहू.