गाव सहा महिने रिकामं, पण जमीन रिकामी नाही

(वनगावांच्या मेळाव्यात चौसाळा भागातून, जि. बीड, आलेल्या कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे.)



आम्ही चौसाळ्याकडून आलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव आज पहिल्यांदाच ऐकलं असेल. बीडहून निघालं, मांजरसुंब्याचा घाट चढला आणि सोलापूरचा रस्ता धरला की चौसाळा लागतं. पुढं येरमाळा, मग तुळजापूर. देवीला जाणारे लोक गाडीतून आमचं गाव बघतात आणि पुढं जातात. विधानसभेच्या एका मतदारसंघाला पूर्वी चौसाळ्याचं नाव होतं, म्हणून निवडणूक आली की ते पेपरात यायचं. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांचं नाव तेव्हाही यायचं नाही. आम्ही त्या वाड्यांबद्दल बोलणार आहोत.

तुमच्याकडं जंगल, आमच्याकडं माळ. बालाघाटाच्या डोंगरावरचा मुरमाड माळ. पाऊस वर्षाला २६ इंचांच्या आसपास, तोही येईल तेव्हा खरा. गावच्या चांगल्या काळ्या जमिनी पहिल्यापासून मोठ्या घरांकडं. निजाम १९४८ साली गेला, कूळकायदा १९५० साली आला, पण ज्याच्याकडं कुळाचाही कागद नव्हता त्याच्या हातात काही आलं नाही. त्याला उरलं ते गायरान. आमच्या दलित, पारधी, वडार, बंजारा माणसांनी त्या गायरानातले धोंडे वेचले, बांध घातले आणि बाजरी, हुलगा, मटकी पेरली. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. हजारो लोक तुरुंगात गेले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी जुनी आहे.

आता कायद्याचं ऐका. २८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारनं ठराव काढला. मागासवर्गीय भूमिहीनांनी १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी सरकारी जमिनीवर, गायरानावर केलेली अतिक्रमणं नियमात बसवून द्यायची, असा तो ठराव. वनजमिनीला हा ठराव लागू नाही. तुमची तारीख तेव्हा वेगळी होती, २५ ऑक्टोबर १९८०, वनसंवर्धन कायद्याची. तुमच्या दाव्यांची चौकशी करा म्हणून सुप्रीम कोर्टानं ७ मार्च १९९१ ला सांगितलं होतं. तारखा वेगळ्या असल्या तरी तुम्हाला आणि आम्हाला सवाल एकच विचारतात : त्या तारखेला तुम्ही तिथं होता कशावरून?

आमची खरी अडचण इथंच आहे. आमचं गाव वर्षातले सहा महिने गावात नसतं.

पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा मुकादम उचल देतो. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोचा एक कोयता धरून हजारो जोड्या साखर कारखान्यांकडं निघतात. कोणी गाडी सेंटरला, कोणी डोकी सेंटरला. उसाच्या फडाजवळ कोपी घालायची, पहाटे अंधारात तोड सुरू करायची, मोळ्या बांधायच्या, वाहनं भरायची. पोरं बरोबर, म्हणून शाळा सुटली. पाडव्याच्या पुढं-मागं पट्टा पडतो, तेव्हा माणसं घरी येतात. तोवर वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री.

आणि साहेबाची पाहणी होते ती नेमकी हिवाळ्यात. बाजरी काढून झालेली, माळ उघडा. घराला कुलूप. गावचे दोन पंच बोलावतात, ते जमीनदाराच्या ओसरीवरचे. पंचनाम्यात लिहितात, ‘जमीन पडीक, कोणाची वहिवाट दिसून आली नाही.’ एका वाडीचा असा कागद आम्ही डोळ्यांनी पाहिला. वीस वर्षं ज्या बाईनं त्या रानातले दगड उचलले, ती त्या दिवशी शंभर कोसांवर ऊस तोडत होती. निरोप पोचला तरी यायचं कसं? एक दिवस गेला की खाडा लागतो, एसटीचं भाडं वेगळं, आणि उचल फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही. तिचं कर्ज तिला जमिनीपासून लांब ठेवतं. जमीन हातची गेली की पुन्हा उचल घ्यावी लागते. हे चक्र आहे, आणि ते मधे कुठंतरी तोडावं लागेल.

म्हणून आमच्या वाड्यांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. तुमच्या कामाला येतील त्या घ्या.

पहिली गोष्ट, बाजरीत तुरीच्या ओळी टाकायच्या. बाजरी भादव्या-आश्विनात निघते, तूर मात्र पौषापर्यंत रानात उभी असते. पाहणीला कोणीही येऊ द्या, त्याला रान उघडं दिसणार नाही. माणूस फडावर असला तरी त्याची तूर साक्षीला उभी राहते.

दुसरी, तलाठ्याकडं गाव नमुना १-ई असतो, अतिक्रमणाची वही. त्यात नाव लागलं की आपण गुन्हेगार झालो, म्हणून लोक भ्यायचे. आता आम्ही उलट सांगतो. ज्या वहीत आपल्याला चोर म्हणून लिहिलं, तीच वही आपण कसत होतो याचा सरकारी पुरावा आहे. तिची नक्कल घ्या. दंड भरला असेल तर पावती जपा. तुमच्याकडं जंगलखात्यानं केस केली असेल तर तो कागदही चुलीत घालू नका.

तिसरी, दसऱ्याच्या आत प्रत्येक घरानं अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. कागद मुकादमाकडं किंवा पुढाऱ्याकडं ठेवायचे नाहीत. पत्र्याच्या पेटीत, वाडीतच ठेवायचे.

चौथी, प्रत्येक वाडीत चार माणसं मागं राहतील. त्यांच्या दाण्यागोट्याचं वाडी बघेल. पंचनाम्याला तीच हजर राहतील, कोणाचं रान कुठून कुठवर ते दाखवतील, आणि वाचून घेतल्याशिवाय अंगठा देणार नाहीत. यात दोन बाया असायलाच पाहिजेत, कारण कोणता बांध कोणी घातला ते बायांना बरोबर ठाऊक असतं.

आता एक अवघड गोष्टही सांगतो. गायरान गुरांचं आहे, तुम्ही गावाचं चरण खाल्लं, असं गावकरी म्हणतात. ते सगळंच खोटं नाही. शेळ्या राखणारा गरीब माणूसही तेच म्हणतो. त्याच्याशी भांडून आपलं भलं होणार नाही. म्हणून आम्ही डोंगराचा वरचा भाग आणि पाण्याची वाट मोकळी सोडली आहे. तिथं कोणी नांगर घालायचा नाही, आमच्यातल्यानं घातला तरी आम्हीच काढू. असं केल्यावर दोन वाड्यांत धनगर मंडळी आमच्या बाजूनं जबाब द्यायला तयार झाली.

तुमच्यातलेही लोक वीटभट्टीवर जातात. धुळ्याकडचे गुजरातेत कोयत्यावर जातात. म्हणजे तुमचीही गावं रिकामी व्हायला लागली आहेत. पोटासाठी जावं लागतं, जा. पण जाताना रानात उभं पीक ठेवा, पेटीत कागद ठेवा आणि गावात माणूस ठेवा.

आमच्यातल्या किती जणांना सातबारा मिळेल ते यंदा कळेल. पण येत्या हंगामात आमच्या वाड्यांवर पाहणी आली, तर पंचनाम्यात ‘कोणी आढळलं नाही’ असं लिहिता येणार नाही, एवढं आम्ही पक्कं केलं आहे. तुम्हीही करा.

कसेल त्याची जमीन! झिंदाबाद!