दुकान कुणाच्या जिवावर चालतं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका सभासदांनी केलेलं भाषण, थोडी काटछाट करून)



सचिवांनी मला 'आपल्या परिसराचा विकास' असा विषय दिला आहे. विकासावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी ३६ वर्षं दुकानात उभा राहिलेला माणूस, आधी लक्ष्मी रोडला कापडाच्या दुकानात आणि नंतर सुपरमार्केटमध्ये. तेव्हा मी दुकानांबद्दलच बोलतो. त्यातही आपल्या गेटजवळच्या नऊ गाळ्यांबद्दल. त्यातल्या तिघांची शटरं खाली आहेत, हे आपण रोज येता-जाता बघतो.

सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा हडपसर म्हणजे पुण्याच्या बाहेरचंच गाव होतं. गाडीतळ, मंडई, कारखाने आणि आजूबाजूला उसाचे फड. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमीन बिल्डरला विकून न टाकता एकत्र येऊन सुमारे ४०० एकरांवर स्वतःच नगर उभं करायला घेतलं, ते साधारण त्याच सुमाराला. मग आयटी कंपन्या आल्या, ॲमनोरा आणि सीझन्स हे मॉल आले, आपल्या फ्लॅटच्या किमती कुठल्या कुठं गेल्या. साडी घ्यायला लक्ष्मी रोडला जायची गरज उरली नाही. हा विकास झाला, मी नाकारत नाही. मीसुद्धा त्याच्यावरच पोट भरलं.

आता त्या तीन शटरांचं. एक बेकरी, एक इस्त्रीवाला आणि एक किराणा. लोक म्हणतात, ऑनलाइननं मारलं. थोडं खरं आहे, दहा-पंधरा मिनिटांत पिशवी दारात येते. पण मी तिघांनाही भेटून आलो. गिऱ्हाईक नाही म्हणून बंद केलं, असं एकानंही सांगितलं नाही. तिघांचं कारण एकच, माणूस मिळत नाही. किराणावाल्याच्या काचेवर 'कामाला मुलगा पाहिजे' हा कागद चार महिने लटकत होता. उन्हानं अक्षरं उडाली, मुलगा आला नाही. जो होता तो डिलिव्हरीच्या गाडीवर गेला. मेडिकलवाले आता साडेनऊला बंद करतात, पूर्वी अकरापर्यंत उघडे असायचे. बी विंगमधल्या आजोबांना रात्री दहाला नेब्युलायझरचं औषध लागलं तेव्हा काय धावपळ झाली, ती बऱ्याच जणांना आठवत असेल.

'आजकालच्या पोरांना कष्ट नको', हे वाक्य मी आपल्या कट्ट्यावर फार वेळा ऐकतो. म्हणून जरा गावाकडचं सांगतो. मी कळसचा. कळस म्हटलं की पुण्यातली माणसं विश्रांतवाडीजवळचं कळस समजतात. आमचं कळस इंदापूर तालुक्यातलं, इथून शंभर किलोमीटरच्या पुढं. बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर ही आमची जायची-यायची ठिकाणं. लक्ष्मी रोडला मी लागलो तेव्हापासून गावची पोरं माझ्या ओळखीनं पुण्यात येतात. आजवर किती लावली त्याचा हिशोब ठेवला नाही. पण गेल्या पाच-सहा वर्षांत त्यातली निम्मी तरी तीन महिन्यांच्या आत परत गेली. एकाला मी बसवून घेतलं, वही काढली आणि आकडे मांडायला लावले. ते आकडेच वाचून दाखवतो.

हातात पगार १५,००० रुपये. आपल्या भागात कॉट बेसिसवर राहायचं, एका खोलीत पाच जण, त्याचे ४,५००. मेसचे ३,२००. मोबाइल, बस, साबण, दाढी, कधी दवाखाना, असे १,५००. राहिले ५,८००. त्यात सणाला घरी जायचं, बहिणीला काही न्यायचं. हाच मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत १२,००० वर लागला तर संध्याकाळी घरी येतो, आईच्या हातचं जेवतो, सकाळी म्हशीची धार काढून कामावर जातो. तिथं महिन्याला ९,००० शिल्लक. मग सांगा, आळशी कोण? पोरगं हिशोबात आपल्यापेक्षा हुशार आहे.

काही जण मधला मार्ग काढतात. उरुळी कांचन नाही तर यवतला स्वस्तात खोली घेतात आणि दौंडच्या गाडीनं किंवा बसनं ये-जा करतात. दुकान दहाला बंद होणार, शटर ओढून गल्ला मोजून साडेदहा. पुढं गाडी चुकली की फाट्यावर हात करत उभं राहायचं. असं मूल दुसऱ्या दिवशी काउंटरला पेंगतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही कामात.

मग दुकानदारानं पगार का वाढवू नये? हाही प्रश्न रास्त आहे. मोठ्या मॉलनं वाढवावाच, त्याबद्दल मला दुमत नाही. पण आपल्या किराणावाल्याचं बघा. किराणात सगळं मिळून दहा टक्के सुटतात असं धरा, तेही नशीब चांगलं असेल तर. एका मुलाला ५,००० रुपये जादा द्यायचे तर महिन्याला ५०,००० रुपयांचा जादा माल विकला पाहिजे. दोन मुलांना द्यायचे तर लाखाचा. आणि गाळ्याचं भाडं दर वर्षी वाढणार ते वेगळंच. ते भाडं आपल्याच सभासदांना मिळतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पूर्वी हे जमायचं, कारण दुकानात माणसाबरोबर त्याची झोपायची जागाही असायची. मालक माडीवर, गडी पोटमाळ्यावर. मी स्वतः लक्ष्मी रोडला चार वर्षं गाठोड्यांच्या मधल्या जागेत झोपलो. पण ते दिवस चांगले होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उरुळी देवाची इथून किती लांब आहे? मे २०१९ मध्ये तिथल्या कापडाच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले ५ कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. त्यानंतर कुणी दुकानात माणसं झोपवू नयेत, हे बरोबरच आहे. पण दुकानात झोपायचं नाही, सोसायटीत राहायचं नाही, कॉट परवडत नाही. मग त्यांनी झोपायचं कुठं, हे मात्र कुणी ठरवलं नाही.

आमच्या कळसच्या जवळच याचं एक जुनं उत्तर आहे. शेठ वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला. तेव्हा त्या भागात काय होतं? कुसळं आणि माळरान. नुसतं नोकरी देतो म्हणून तिथं कोण राहायला जाणार? म्हणून कारखान्याबरोबर कामगारांची घरं, शाळा, दवाखाना, बाजार असं सगळं गावच वसवलं. तेच आजचं वालचंदनगर. त्या वसाहतीतही साहेबाचा बंगला आणि कामगाराची चाळ यांत फरक होताच. पण माणूस कामाला पाहिजे तर त्याला आधी छप्पर पाहिजे, एवढं त्यांना कळलं होतं.

आणि जिथं मालकानं केलं नाही, तिथं गावानं केलं. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावाची 'कूड' असायची. बोटीवर नोकरी करणारा गावकरी बोट मिळेपर्यंत तिथं राहायचा. एक ट्रंक, एक चटई, अगदी थोडे पैसे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी. काही कुडी अजून आहेत. लालबाग-परळला कोकणातल्या गावांच्या खोल्या होत्या. रात्रपाळीवाला दिवसा झोपायचा, दिवसपाळीवाला रात्री. गैरवागणूक झाली तर गावात कळायचं, त्यामुळं पोरगा सरळ राहायचा. या गिरणी कामगारांच्या जेवणाचे डबे ज्या खानावळवाल्या बाया करायच्या, त्यांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून बांधली. म्हणजे मुंबई पगारावर उभी राहिली असं आपण म्हणतो खरं, पण या खोल्या आणि या खानावळी नसत्या तर त्या पगारात कुणाचं भागलं असतं?

ही अडचण फक्त आपलीच आहे असंही नाही. अमेरिकेत कोलोरॅडोत ॲस्पेन नावाचं बर्फाच्या डोंगरातलं गाव आहे. जगातल्या श्रीमंतांची तिथं घरं आहेत. हॉटेलात, दुकानात काम करणाऱ्याला तिथं राहणं परवडेना. शेवटी तिथल्या नगरपालिकेनं आणि काउंटीनं मिळून सुमारे ३,००० घरं तिथं काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवली. तरीही माणसं कमीच पडतात. आपण ३,००० घरांचं बोलत नाही. मी एका फ्लॅटचं बोलतो आहे.

त्याआधी एक सूचना आली आहे तिचं उत्तर देतो. ए विंगच्या ताई म्हणाल्या, दुकानं हवीतच कशाला, आपण ग्राहक पंचायतीसारखं करू. कल्पना चांगली आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे करते. सभासद महिन्याची यादी देतात, माल एकत्र येतो आणि वाटपाचं काम सभासदच आळीपाळीनं करतात. नोकर नाही, दुकान नाही. तांदूळ, डाळ, तेल यासाठी आपण हे जरूर करू या, मी वजनकाट्यावर बसेन. पण दाढी-कटिंग, रात्रीचं औषध, शिवणकाम आणि सकाळचा ताजा पाव वाटपात बसत नाही. त्याला माणूसच लागतो.

आता जरा कडू बोलतो. आपल्या नोटीस बोर्डावर 'बॅचलर भाडेकरू ठेवू नयेत' असा कागद किती वर्षं आहे? आदर्श उपविधी काढून बघा. सभासदानं आपला फ्लॅट भाड्यानं द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. संस्थेला आधी कळवायचं असतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायचा असतो आणि पोलिसांकडं भाडेकरूची माहिती द्यायची असते. बिनभोगवटा शुल्कसुद्धा सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तसा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. तेव्हा तो कागद नियम म्हणून टिकणारा नाही. तो आपल्या भीतीचा कागद आहे. भीती मला समजते, माझ्याही घरी नातवंडं आहेत. पण ज्या पोराला आपण दुकानातून सिलिंडर, दळण, औषध घेऊन सरळ स्वयंपाकघरापर्यंत येऊ देतो, तोच जिन्यात राहायला आला की परका कसा होतो?

तर प्रस्ताव असा. सी विंगमधला एक दोन बेडरूमचा फ्लॅट सहा वर्षं बंद आहे. मालक परदेशात असतात. मी त्यांच्याशी फोनवर बोललो, ते २४,००० रुपये भाड्याला तयार आहेत. सहा दुकानदारांनी दरमहा प्रत्येकी २,००० म्हणजे १२,००० द्यायचे. सहा मुलांनी प्रत्येकी २,००० म्हणजे १२,०००. मुलाचे कॉटचे ४,५०० वाचून २,००० होतात, म्हणजे दुकानदारानं २,००० खर्चून त्याला अडीच हजारांची पगारवाढ दिल्यासारखंच झालं. वर जायचा-यायचा त्रास गेला. दुकानदारांपैकी पाच जण हो म्हणालेत, सहावे 'बघू' म्हणाले आहेत. करार नोंदवलेला, सहाही नावं पोलिसांकडं दिलेली. पहिली तीन मुलं आमच्या कळसची असतील. त्यांच्या घरच्यांना मी ओळखतो, आणि कुणी वावगं वागला तर त्याला गावी पोचवायची जबाबदारी माझी. बाकीचे तीन दुकानदार आपापल्या ओळखीनं आणतील. जुन्या गावकरी खोलीतली हीच तर गोष्ट होती, मागं कुणीतरी नाव घेणारं असतं.

मुलींचं मला अजून सुचलेलं नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो. मॉलमध्ये निम्म्या काउंटरवर मुली असतात. २०१७ च्या दुकानांच्या कायद्यानं दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली, आणि बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत वाहन हवं असं सांगितलं. पण आपल्यासारख्या दोन-तीन नोकरांच्या दुकानांना तो कायदा फारसा लागू होत नाही. गावाकडचे आईवडील विचारतात, तिथं तिच्याजवळ कोण आहे? 'मी आहे' म्हणून भागत नाही, त्यांना बाईमाणूस हवं असतं. आपल्या महिला मंडळानं मनावर घेतलं तर दुसऱ्या फ्लॅटचा विचार होईल. मंडळाच्या अध्यक्षा समोरच बसल्या आहेत, त्यांच्याकडं बघून बोलतो आहे.

तोपर्यंत एक फुकटातलं काम. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायची सोय हवी असा कायदा केला. बारा तास उभं राहिल्यावर पोटऱ्या कशा होतात ते मला माहीत आहे. आपल्या गाळ्यांत प्रत्येक काउंटरमागं एक स्टूल आणि क्लब हाउसच्या मागचं स्वच्छतागृह दुकानातल्या मुलांसाठी उघडं, एवढं तर सोमवारपासून होऊ शकतं. कुलपाची किल्ली वॉचमनकडं आहे.

फ्लॅटचा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला आहे. वॉचमनच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी जरूर लिहावी, फक्त नाव घालून आणि कारण देऊन लिहावी. आणि आता माझं आवरतो, कारण आपले केटरर मघाशी येऊन कानात सांगून गेले की त्यांचे दोन वाढपी आज आलेलेच नाहीत. तेव्हा पंगतीत वाढायला चार जण पुढं या. मठ्ठ्याची बादली मी घेतो.