पंचांगाचाही जीर्णोद्धार
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज या मंदिराच्या शिखरावर नवा कलश चढला. गाभाऱ्यातला देव जेथे होता तेथेच आहे. परंतु गळणारे छत, ढासळलेली भिंत आणि खचलेला ओटा यांची दुरुस्ती झाली. जुने म्हणून टाकून दिले नाही आणि जुने म्हणून गळके तसेच ठेवलेही नाही, यालाच जीर्णोद्धार म्हणतात. कलश चढविण्याचा मुहूर्त अर्थातच पंचांग पाहून काढला गेला. ज्या पंचांगावर आपण एवढा विश्वास टाकतो, त्या पंचांगाचाही एकदा जीर्णोद्धार करावा लागला होता, ही हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आजच्या शुभप्रसंगी तीच सांगावयाची आहे.

सुरुवात संक्रांतीपासून करू. जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेला मकर संक्रांत येते. आयाबहिणी वाण लुटतात, देवळात ओवसायला जातात. आपल्या जिल्ह्यातील हजारो माणसे त्या वेळी ऊसतोडीच्या फडावर असतात. तीही कोपीच्या दारात तिळगूळ वाटतात. या दिवशी उत्तरायण सुरू होते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता एक साधा प्रयोग करा. देवळासमोरच्या पटांगणात एक सरळ काठी उभी रोवा आणि भर दुपारी, सूर्य माथ्यावर येईल तेव्हा, तिच्या सावलीच्या टोकाशी रोज एक खडा ठेवत जा. सर्वांत लांब सावली डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला पडेल. दुसऱ्या दिवसापासून ती आखडू लागेल. म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळला तो त्या दिवशी. संक्रांत येते ती त्यानंतर चोवीस दिवसांनी. मग काठी खोटी की पंचांग खोटे?

दोन्ही खरी आहेत. काठी ऋतू मोजते, पंचांग तारे मोजते. कोणे एके काळी हे दोन्ही एका दिवशी जुळत होते, आज जुळत नाहीत. त्यांच्यामध्ये पडलेल्या या अंतरालाच शास्त्रात अयनांश म्हणतात, आणि ते अंतर ज्यामुळे पडते त्याला अयनचलन किंवा संपातचलन असे नाव आहे.

त्याचे कारण मुलांच्या हातातल्या भोवऱ्यात सापडते. भोवरा स्वतःभोवती गरगर फिरत असतो, आणि त्याच वेळी त्याचे डोके हळूहळू एक गोल काढीत असते. पृथ्वीचेही असेच आहे. ती विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे. त्या फुगवट्याला सूर्य आणि चंद्र ओढतात, म्हणून तिचा आस आकाशात सावकाश एक फेरा घालतो. हा फेरा पुरा व्हायला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. आज जो तारा ध्रुव म्हणून आपण दाखवितो, तो पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवस्थानी नव्हता. आणखी बारा हजार वर्षांनी ते स्थान तेजस्वी अभिजिताजवळ आलेले असेल. या फेऱ्यामुळे सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो त्या दिवसाचा, म्हणजे वसंतसंपाताचा बिंदू ताऱ्यांमधून दर वर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो. बहात्तर वर्षांत एक अंश! एका माणसाचे सारे आयुष्य जावे तेव्हा हा बिंदू एक पाऊल टाकतो.

पाऊल लहान, पण ते कधी थांबत नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा. तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज तीच संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांवर ‘संक्रांत कोसळली’ असे आपण म्हणतो. बोलायला ते योग्यच आहे. पण गणित केले तर त्या वर्षीची खरी संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, आपल्याच जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. या राक्षसभुवनाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आपल्या पूर्वजांना हे चलन ठाऊक नव्हते काय? होते, पण ते पायरीपायरीने कळत गेले. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या प्रारंभी सांगितला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने स्पष्ट नोंद केली की, पूर्वी दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यावर सुरू होत असे, आता ते कर्काच्या आरंभी होते. जुने वचन आणि डोळ्यांनी दिसणारे आकाश यांत फरक दिसला, तेव्हा त्याने आकाशाकडे पाठ फिरविली नाही. बाहेरच्या जगात हेच चलन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक ज्योतिषाने ओळखले होते, आणि त्याचे कारण १६८७ साली न्यूटनने सांगितले. सूर्यसिद्धान्ताने संपात २७ अंश पुढे-मागे झुलतो असे मानले. पुढे मुंजालाने तो झुलत नसून फिरतो असे धरले, आणि शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी त्याच्या मताचा उल्लेख सिद्धान्तशिरोमणीत केला. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड. ते नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बीडचेही नाव त्यात घेतले गेले. परंतु चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखामुळे बहुतेकांचा कौल त्या बाजूला आहे.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये ग्रहलाघव लिहून सामान्य जोश्यालाही हा हिशोब सोपा करून दिला. शकाच्या आकड्यातून ४४४ वजा करा आणि ६० ने भागा. येतील तितके अयनांश. शके १९४७ घ्या. वजाबाकी १५०३, भागाकार २५ अंश ३ कला. आजच्या वेधांनी ठरलेला आकडा सुमारे २४ अंश १३ कला आहे. दुर्बीण नसताना, पाचशे वर्षांपूर्वी बांधलेल्या रीतीत एका अंशाचीही चूक नाही! अशा पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा.

परंतु पुढच्या पिढ्यांनी ग्रंथ जपला आणि वेध घेणे सोडले. छत गळू लागले. गणिताने काढलेली ग्रहणाची वेळ आणि आकाशातले ग्रहण यांत अंतर पडू लागले. तेव्हा महाराष्ट्रातील विद्वानांनी दुरुस्तीचे काम हाती घेतले. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी रत्नागिरीच्या आबासाहेब पटवर्धनांच्या साह्याने १८६५ च्या सुमारास नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. विसाजी रघुनाथ लेले यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. संक्रांत जर उत्तरायणाची, तर ती उत्तरायणाच्याच दिवशी करावी, असा त्यांचा सायनवाद होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्यांना साथ दिली आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ हा मोठा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात याच संपातचलनाचा आधार घेतला. संपात एके काळी मृग नक्षत्रात होता, याच्या खुणा वेदांत आहेत, म्हणून वेदकाळ इसवी सनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांपर्यंत मागे जातो, असे त्यांनी प्रतिपादिले. सगळ्यांना ते मान्य झाले नाही. पण संपाताचे हे चलन काळ मोजण्याचे घड्याळ म्हणूनही वापरता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

सायन नको, ताऱ्यांवरचे निरयनच ठेवावे, असे ज्यांचे मत होते त्यांच्यातही वाद राहिला. राशिचक्राची पहिली खुंटी ठोकायची कोठे? लोकमान्य म्हणत, रेवतीच्या मंद योगताऱ्यापाशी. व्यंकटेश बापूजी केतकरांनी पुरस्कारलेला पक्ष म्हणे, तेजस्वी चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर येईल अशी. या दोन खुंट्यांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. सोलापूरच्या दाते पंचांगाची खुंटी चित्रेची आणि टिळक पंचांगाची रेवतीची. म्हणून टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, आणि अधिक मास वेगळा आला तर दिवाळीसुद्धा महिनाभर पुढेमागे होते.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही तिचे सभासद होते. समितीने तोडगा असा काढला की, राष्ट्रीय दिनदर्शिकेचे महिने ऋतूंप्रमाणे चालावेत, आणि धार्मिक सणांसाठी चित्रापक्षाच्या जवळचे अयनांश धरावेत. त्याप्रमाणे २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ हा राष्ट्रीय दिनांक सुरू झाला.

आता या साऱ्याचा आपल्या घराशी काय संबंध? फार जवळचा आहे.

चार अंश म्हणजे हातभर आकाशसुद्धा नाही. पण एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते. त्यामुळे नुसती खुंटी बदलली तर दहांतील तिघांचे जन्मनक्षत्र बदलते. एखाद्या मुलीचा जन्म मूळ नक्षत्राच्या अखेरच्या भागातला असला, तर चित्रापक्षाने ती मूळ नक्षत्राची आणि रैवतपक्षाने पूर्वाषाढेची ठरते. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, या समजुतीपायी किती सोयरिकी मोडल्या, किती बापांनी रात्री जागून काढल्या, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. ती मुलगी तीच, तिच्या जन्माच्या वेळचा चंद्र तोच. बदलली फक्त मोजपट्टीची पहिली खुंटी, आणि ती कोठे ठोकावी यावर लोकमान्यांसारख्या पंडितांचेही एकमत झाले नव्हते. अशा खुंटीला कोणाच्या लेकीचे भाग्य टांगून ठेवणे हा धर्म नव्हे.

तीच गोष्ट साडेसातीची. राक्षसभुवनला गोदावरीकाठी शनिमहाराजांचे प्रसिद्ध स्थान आहे. लांबलांबून लोक तेथे दर्शनाला येतात, आणि यावे. पण भीतीने येणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे. निरयन गणनेने शनीने मीन राशीत प्रवेश केला तो २९ मार्च २०२५ रोजी, आणि सायन गणनेने ७ मार्च २०२३ रोजी. दोन वर्षांचे अंतर! सायन गणनेत तर पाचांतील चौघांची जन्मराशीच पुढची येते. आकाशातला शनी मात्र एकच आहे आणि आपल्या गतीने चालला आहे. म्हणून कोणी शनीच्या नावाने कर्ज काढायला सांगितले, शेत विकून शांत करायला सांगितले, तर आधी देवाला हात जोडावेत आणि मग त्या माणसाला.

शेतकऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. मृगाचे नक्षत्र आज ७-८ जूनला लागते आणि पावसाशी त्याची गाठ बसलेली आहे. वराहमिहिराच्या काळी तेच नक्षत्र ऋतूंच्या हिशोबाने तीन आठवडे आधी, मे महिन्याच्या मध्यानंतर लागत असे. आणखी हजार वर्षांनी ते चौदा दिवस उशिरा लागेल. एका पिढीच्या पेरणीला या चलनाने फरक पडत नाही. पण ‘मृग लागला’ एवढ्यावर तिफण धरू नये. जमिनीत ओल किती गेली ते पाहून धरावी. १९७२ साली नक्षत्रे वेळेवर लागली होती, पाऊस मात्र आला नाही.

मग पंचांग सोडून द्यावे काय? मुळीच नाही. एकादशी, शिवरात्र, परळीच्या वैजनाथाची आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीची यात्रा, आपल्या गावचा हा उत्सव, हे सारे पंचांगावर चालते. त्यामुळे हजारो माणसे एका दिवशी एका ठिकाणी जमतात. गावाने एक पंचांग धरावे, त्याप्रमाणे सण करावेत, आणि शेजारच्या गावाने दुसरे धरले तर भांडू नये. मात्र पंचांग हे दिवस जुळविण्याचे साधन आहे, माणसे तोडण्याचे नव्हे.

या देवळाची भिंत पडली तेव्हा कोणी म्हणाले नाही की, पूर्वजांनी बांधली म्हणून तिला हात लावू नका. वराहमिहिराने, गणेश दैवज्ञाने, केरूनानांनी आणि दीक्षितांनी आकाशाशी हेच केले. देव तेथेच ठेवला, गळके छत बदलले. येत्या २१ मार्चला आणि २३ सप्टेंबरला पहाटे लवकर उठून मुलांना मंदिराच्या ओट्यावर आणावे आणि सूर्य नेमका पूर्वेला उगवताना दाखवावा. बहात्तर वर्षांनी त्यांची नातवंडे येथे उभी राहतील, तेव्हा सूर्य तेथेच उगवेल. त्याच्यामागचे तारे मात्र एका अंशाने सरकलेले असतील. तोवर या मंदिराचे छत गळू न देणे ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.

इति शुभम्.