दमलेल्या हातातील मोबाइल



सारोळ्याहून नीरेचा पूल ओलांडला की शिरवळचे कारखाने फार दूर राहत नाहीत. आपल्या भागातील कितीतरी तरुण तेथे पाळीने कामाला जातात. अंग दमते, तेच ते करून मन विटते आणि हात आपोआप खिशातील मोबाइलकडे जातो. मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षकांचेही तेच होते. "जरा डोके हलके करतो," असे आपण म्हणतो. परंतु डोके खरोखर हलके होते काय?

नेदरलँड्समधील संशोधकांनी याचा शोध घेतला व २०२१ साली तो प्रसिद्ध केला. डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या ८३ जणांनी कामाच्या दिवसांत दर तासाला आपला थकवा व कंटाळा नोंदविला. मोबाइलचा वापर मात्र मोबाइलमधील नोंदीवरूनच मोजला गेला. थकवा वा कंटाळा वाढला की मोबाइल हाती घेण्याचा संभव वाढे. परंतु अधिक वापरानंतर तो थकवा उतरलेला नव्हे, चढलेलाच आढळला. फरक लहान होता आणि ही माणसे बैठे काम करणारी होती, हे खरे. तरीही बोध घेण्याजोगा आहे. वाचणे, निवडणे, उत्तर देणे हेही मेंदूला कामच असते.

म्हणून मोबाइल पाहणाऱ्यास एकदम आळशी म्हणू नये; तो दमलेला असू शकतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई करून मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती. कायद्याने दिलेला असा अर्धा तास आपण तळहातावरच्या पडद्याला देऊन टाकावा काय?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. एकट्याला जे जड जाते, ते सर्वांनी मिळून ठरविले म्हणजे सोपे होते. कारखान्यात व शाळेतही सुट्टीची पहिली दहा मिनिटे अशी ठरविता येतील.

वाचकहो, थकला असाल तर डोळे मिटून बसा, चार पावले चाला. कंटाळला असाल तर कामाचा क्रम बदला, शेजारच्याशी दोन शब्द बोला. आणि चालू यंत्रापाशी तर मोबाइल नकोच. गेलेले बोट परत येत नाही.