टिंबापुढची दोन अक्षरे

इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याच्या शेवटी एक टिंब असते आणि त्या टिंबापुढे काही अक्षरे असतात. व्याकरणातील शब्द उसना घेऊन त्यांना आपण आज प्रत्यय म्हणू. ‘कॉम’ हा प्रत्यय सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याखेरीज प्रत्येक देशाला व प्रदेशाला दोन अक्षरांचा स्वतःचा प्रत्यय मिळालेला आहे. आपला तो ‘इन’. देशनामांच्या एका आंतरराष्ट्रीय यादीवरून ही अक्षरे ठरली. त्यांत कोणाचा काही पराक्रम नव्हता. तथापि काही चिमुकल्या बेटांना या अक्षरांतून पैसा मिळाला, काहींना तो मिळता मिळता राहिला. असे का व्हावे?

प्रशांत महासागरात तुवालू नावाचा नऊ बेटांचा देश आहे. वस्ती सुमारे ११,०००. परदेशी बोटींकडून मिळणारे मासेमारीचे परवानाशुल्क हा त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार. त्याच्या वाट्याला आली ‘टीव्ही’ ही अक्षरे, म्हणजे साऱ्या जगात दूरचित्रवाणीचे नाव! २००० साली एका अमेरिकन कंपनीने हा प्रत्यय चालविण्याचा मक्ता घेतला व सुमारे १२ वर्षांत ५ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्या पैशाच्या बळावर तुवालू त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. २००२ साली हा मक्ता व्हेरिसाइन कंपनीकडे गेला. पुढे इंटरनेटवर चित्रफितींचा जमाना आला, ट्विचसारखी प्रचंड संकेतस्थळे या प्रत्ययावर उभी राहिली. पण तुवालूच्या पदरात पडे ती ठरलेली रक्कम, अखेरच्या काळात वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर. २०२१ साली मक्ता गोडॅडीने घेतला, तेव्हा कोठे ती जवळजवळ दुप्पट झाली.

आपल्याकडील शेतकऱ्याला यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. जमीन खंडाने दिली की पीक बुडो वा उदंड येवो, मालकाला खंडच मिळावयाचा. वाट्याने दिली तर दुष्काळाचाही वाटा घ्यावा लागतो. तुवालूने खंड पत्करला म्हणून त्याला नावे ठेवणे मला तरी योग्य वाटत नाही. ज्याची तिजोरी रिकामी आहे, त्याला पंचवीस वर्षांनंतरच्या पिकाची वाट पाहणे परवडत नाही.

कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या ब्रिटिश अंमलाखालील बेटाने मात्र शेत बरीच वर्षे घरीच कसले. त्याचा प्रत्यय ‘एआय’. १९९५ साली मिळालेल्या या अक्षरांची कित्येक वर्षे फारशी कोणी विचारपूस केली नाही. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे तीच! २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी अवतरले आणि नव्या कंपन्यांची रीघ लागली. २०२३ साली सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे सरकारी उत्पन्नाच्या पंचमांशाहून अधिक रक्कम, केवळ नावे नोंदवून आली. २०१७च्या इर्मा वादळाने झोडपलेल्या, पर्यटनावर जगणाऱ्या बेटाला ही केवढी जोड! २०२४ साली कारभार एका अमेरिकन कंपनीवर सोपविताना बेटाने खंड घेतला नाही. मोठा वाटा आपल्याकडे ठेवला. अर्थात धोकाही स्वतःकडेच ठेवला. नाव किमान दोन वर्षांसाठी घ्यावे लागते. मुदत सरल्यावर गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरील तर उत्पन्न टिकेल. बुडालेली कंपनी आपल्या नावाचे पैसे कशाला भरते?

टोकेलाऊची कथा उलटी आहे. न्यूझीलंडच्या अखत्यारीतील ही तीन प्रवाळद्वीपे. वस्ती दीड हजारांच्या आसपास. त्यांचा ‘टीके’ हा प्रत्यय एका परदेशी कंपनीने फुकट वाटला. कोट्यवधी नावे नोंदली गेली, एका काळी देशांच्या प्रत्ययांत हा संख्येने पहिला होता! परंतु फुकटच्या पत्त्यावर ठकसेनांनी बिऱ्हाड थाटले. २०२३ साली मेटा कंपनीने फ्रीनॉम या त्या कंपनीवर दावा लावला व २०२४ साली फ्रीनॉमने हा धंदाच सोडला. बेटाच्या नावाला चिकटलेला डाग मात्र राहिला.

देशांना अक्षरे तरी फुकट मिळाली. २०१२ साली आयकॅन या नियामक संस्थेने खासगी कंपन्यांनाही नवे प्रत्यय मागण्याची मुभा दिली, तेव्हा अर्जाचेच शुल्क १,८५,००० डॉलर होते आणि प्रत्यय मिळाल्यावर वर्षाला किमान २५,००० डॉलर भरावयाचे होते. नावामागे दहा डॉलर सुटले असे धरले, तरी एवढ्यासाठीच अडीच हजार गिऱ्हाइके हवीत. एका कंपनीने विवाहेच्छूंसाठी ‘वेड’ हा प्रत्यय घेतला. इंग्रजीत त्याचा अर्थ विवाह करणे; मराठीत काय होतो ते सांगणे नको! लग्न झाल्यावर त्या पत्त्याचे काम काय? गिऱ्हाइके मोजकीच आली व २०१७च्या डिसेंबरात त्याचा कारभार आपत्कालीन व्यवस्थेकडे सोपवावा लागला.

आपल्या देवनागरीतील ‘भारत’ हा प्रत्यय २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला. मराठी, हिंदी, कोंकणी या भाषांत त्याखाली नाव नोंदविता येते. तथापि ईमेलचा देवनागरी पत्ता अनेक ठिकाणचे अर्ज अजून स्वीकारीत नाहीत. म्हणून मराठी पाटी लावणाऱ्या दुकानदाराला इंग्रजी पत्ताही बाळगावा लागतो. पैसे दोन्हींचे भरावयाचे. वर्षअखेरीस एक पत्ता कमी करावयाची वेळ आली, तर त्यात देवनागरीचा क्रम आधी लागण्याची भीती आहे.