उडण्याआधी



वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मात्र नोव्हेंबर 2017 मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी त्याच्याही नंतर. विमान स्वतःचं असलं तरी मनात येईल तेव्हा उडवता येत नाही.

माझी मुलगी विमान शिकायचं म्हणते, म्हणून मी यात लक्ष घातलं. लहान विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. त्यांना ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. उड्डाणाआधी एकेक बंद करून दुसरा नीट चालतो ना, ते बघतात. टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून त्यात पाणी नाही ना, हे पाहतात. तपासणीची यादी पाठ असली तरी वाचूनच करायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करतो. विमान आकाशात कडेला लावता येत नाही.

वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमधून दुचाकी काढणारी आपली मुलं ब्रेक कधी तपासतात? त्यांना उंच उडायला जरूर सांगू. पण ढग भरून आले असतील, इंजिनाचा आवाज वेगळा येत असेल, तर माणसं आत बसलेली असतानाही ‘आज नको’ म्हणणारा वैमानिकच चांगला, हेही सांगू.